बडोद्याचे सयाजीराव : हुकूम गावापर्यंत कसा पोचला

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, संतवाङ्मय असे विषय होतात. यंदा पदाधिकाऱ्यांनी आम्हाला विचारले तेव्हा आम्ही म्हटले, राजाविषयीच बोलू, पण रणांगणावरच्या नव्हे, कचेरीतल्या राजाविषयी. आम्ही पडलो सरकारी नोकर. बांधकामाचे मोजमाप घ्यायचे, माप-पुस्तिका भरायची, एस्टिमेट करायचे, वरचा आदेश खाली पोचवायचा आणि खालची अडचण वर कळवायची, यात आमची वीसेक वर्षे गेली. त्यामुळे राजा म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर तलवार येत नाही, फाईल येते. हसू नका. आज ज्या राजाची गोष्ट सांगणार आहोत, त्याचे सगळे मोठेपण फाईलमध्येच आहे, आणि त्याची हारही फाईल टेकवणाऱ्या हातांत आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी रशियाच्या पीटर द ग्रेटचा धडा वाचला आहे. १६९७ साली हा बादशहा वेष बदलून, नाव बदलून युरोपच्या दौऱ्यावर निघाला. हॉलंडमध्ये जहाजांच्या कारखान्यात त्याने स्वतः सुतारकाम केले. परत आला तो या निश्चयाने की आपला देश युरोपसारखा करायचा. आल्या आल्या त्याने स्वतःच्या हाताने सरदारांच्या दाढ्या कापल्या. पुढे दाढी ठेवायची असेल तर कर भरा असा नियम झाला, आणि कर भरणाऱ्याला पावतीदाखल एक बिल्ला मिळू लागला. १७०० सालापासून नवे वर्ष १ जानेवारीला सुरू झाले. १७०३ मध्ये दलदलीत नवे शहर उभारायला घेतले आणि त्या कामावर वेठीने आणलेली हजारो माणसे मेली. पीटरने सैन्य नवे केले, आरमार उभारले, कारखाने काढले, नोकरशाहीच्या पायऱ्या बांधल्या. त्याचे मोठेपण कोणी नाकारत नाही. पण शेतावरचा रशियन शेतकरी आधी वेठबिगार होता, तो पीटरनंतरही वेठबिगारच राहिला. दाढी सरदाराची गेली, जोखड शेतकऱ्याच्या मानेवर तसेच.

असाच एक राजा आपल्यातही होऊन गेला. त्यानेही युरोप-अमेरिका पायाखाली घातली आणि तिथले पाहून आपले राज्य नव्याने मांडायचा ध्यास घेतला. तो मराठी होता आणि त्याचे राज्य महाराष्ट्राबाहेर होते, म्हणून आपल्यासारख्यांना तो जास्त जवळचा वाटावा. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड, तिसरे.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचा. मूळ नाव गोपाळराव. गायकवाडांच्या दूरच्या शाखेतले हे घर, व्यवसाय शेती. तिकडे बडोद्यात मल्हारराव महाराजांवर इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला. चौकशी मंडळात तीन इंग्रज आणि तीन हिंदी होते. त्यांचे एकमत झाले नाही, तरी सरकारने १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलेच. मग खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेबांनी दत्तक घ्यायचे ठरवले आणि कवळाण्याहून मुले बोलावली गेली. कशासाठी आलास असे विचारल्यावर बाकीची मुले गोंधळली आणि गोपाळरावाने राज्य करायला आलो असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते.

इथे एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. सर टी. माधवराव. मूळ तंजावरच्या मराठी घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, नंतर आपल्या इंदूरला होळकरांचे दिवाण, आणि १८७५ मध्ये बडोद्याचे. तंजावरचा मराठी माणूस, इंदूरमार्गे बडोद्याला! महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचे पाय कुठून कुठे जातात पाहा. सयाजीराव वयात येईपर्यंतच्या सहा वर्षांत माधवरावांनी विस्कटलेला कारभार मार्गी लावला, खाती वेगळी केली, जमाखर्चाला शिस्त आणली. तरुण राजाला राज्यकारभार कसा करावा यावर व्याख्याने दिली. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्याला शिकवत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. वय अठरा. पुढे ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर म्हणजे सत्तावन्न वर्षे त्यांनी कारभार पाहिला.

राज्य केवढे होते? सुमारे आठ हजार चौरस मैल, पण सलग नाही. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे चार प्रांत, आणि मधे दुसऱ्यांचे मुलूख. एका प्रांतातून दुसऱ्यात जायला परक्याची हद्द ओलांडावी लागे. बैहरचा एखादा तुकडा उचलून छत्तीसगडात ठेवला आणि लांजी महाराष्ट्रात, मग जिल्हा चालवा म्हटले, तर कसे होईल, तसे. शिवाय वर रेसिडेंट बसलेला. परराष्ट्र धोरण आपले नाही. पीटरकडे जे होते त्यातले काहीच सयाजीरावांकडे नव्हते. त्यांच्या हातात होती फक्त अंतर्गत कारभाराची कचेरी. तीच त्यांनी धरली.

सगळ्यात आधी शिक्षणाचे सांगतो. १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. फक्त दहा गावांत. आमच्या खात्यात याला पायलट प्रोजेक्ट म्हणतात. मग हळूहळू तालुक्यातली बाकीची गावे घेतली. शिक्षक पुरतात का, इमारत लागते किती, खर्च किती येतो, लोक मुले पाठवतात की लपवतात, हे सगळे तेरा वर्षे पाहिले आणि १९०६ मध्ये सबंध राज्याला कायदा लागू केला. मुलांना आणि मुलींनाही. मुलींना हे शब्द आम्ही मुद्दाम जोर देऊन म्हणतो आहोत, कारण साल १९०६ आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९११ मध्ये, नामदार गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात इंग्रजी मुलखासाठी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते बडोद्याच्या प्रयोगाइतकेही कडक नव्हते. बडोदे संस्थानाला जे जमते ते साम्राज्याला का जमू नये, हा प्रश्न उघडच होता. विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. आणि स्वतंत्र भारतात शिक्षणाचा हक्क देणारा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. १९०६ आणि २०१०. आपल्या समोर बसलेल्या शिक्षक मंडळींनी ‘स्कूल चलें हम’च्या फेऱ्या काढल्या आहेत, घरोघर जाऊन नावे लिहिली आहेत. त्यांना या एकशे चार वर्षांचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळेल.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे व्याख्यान न राहता आरती होईल. सक्ती म्हणजे दंड. मूल शाळेत आले नाही तर बापाला दंड. शेतकऱ्याचे पोर गुरांमागे जाते, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, तेव्हा कुठे आई निंदणीला जाऊ शकते. त्या घराला शाळा फुकट असली तरी फुकट पडत नाही. बडोद्यात मोठ्या संख्येने आई-बापांना दंड झाले, तक्रारी झाल्या, टीकाही झाली. आमचे मत विचाराल तर राजाचे चुकले नाही, पण दंडाची पावती फाडणाऱ्याने गरिबाचे घर पाहून फाडली असेल की यादी पाहून, याची शंका आमच्या मनात राहते. कारण यादी पाहून काम करणे किती सोपे असते, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

शाळा काढल्या, मुले शिकली. पुढे काय? चौथी शिकलेला मुलगा नांगर धरतो आणि दहा वर्षांत अक्षर विसरतो. ही गोष्ट त्या काळात किती राज्यकर्त्यांच्या लक्षात आली असेल? सयाजीरावांच्या आली. १९०६ मध्ये ते अमेरिकेत गेले होते. तिथली सार्वजनिक वाचनालये त्यांनी पाहिली. मग विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यात आणले. राजाने परदेशातून माणूस आणला म्हटले की आपल्याला वाटते बंदुका ओतणारा असेल, घोडदळ शिकवणारा असेल. यांनी आणला ग्रंथपाल! बॉर्डन तीन वर्षे राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, १९११ मध्ये ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि जिथे वाचनालय नाही त्या गावांसाठी फिरत्या पेट्या सुरू झाल्या. लाकडी पेटीत पुस्तके भरायची, पेटी गावाला पाठवायची, वाचून झाली की दुसरी. मुलांसाठी वेगळा विभाग, स्त्रियांसाठी वेगळी सोय. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पुढच्या इमारतीत कपाटांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची केली, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावर पोचावा. बांधकामातला माणूस म्हणून आम्हाला ही काचेची जमीन फार आवडते.

पण खरी हुशारी पैशाच्या रचनेत होती. गावाला वाचनालय हवे असेल तर गावाने वर्गणी काढायची. जितकी गावाची, तितकीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तितकीच सरकारने, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. इमारतीलाही हाच हिशेब, एक तृतीयांश लोकांचा. म्हणजे फुकट काही नाही आणि एकट्यावर भारही नाही. ज्या गावाने दहा-दहा आणे घालून वाचनालय केले, ते गाव त्याचे दार मोडू देत नाही. आम्ही अशा कितीतरी सरकारी इमारती पाहिल्या आहेत, ज्यांचे लोकार्पण झाले, फोटो निघाले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खिडक्या गेल्या. का गेल्या? कारण गावातल्या कुणालाच ती आपली वाटत नव्हती. हेही लक्षात ठेवा की बडोद्यात राजाच्या आधी मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक मित्रमंडळे काढून गावोगाव वाचनालये चालवतच होते. सरकार त्यांच्या मागून गेले. वरून येणारा आणि खालून येणारा, असे दोघे रस्त्यात भेटले म्हणून ते काम टिकले.

आता थोडे आमच्या बिरादरीचे. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन निघाले. प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे प्राण. रंगाई, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे हाताचे शिक्षण, आणि तेही लोकांच्या भाषेत, गुजरातीत. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांची ही पूर्वजशाळाच म्हणा ना. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके तिथे शिकले आहेत. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. त्याच काळात शहराला पाणी देण्यासाठी आजव्याचा तलाव झाला. मातीचे लांब धरण, आणि तिथून शहरापर्यंत पाणी उताराने येते, ते चढवायला पंप नाही. आपल्याकडे वैनगंगेवर ढुटीचा बंधारा ज्यांनी पाहिला आहे, कालव्याचे पाणी वारासिवनीकडच्या धानात जाताना पाहिले आहे, त्यांना उताराचे हे गणित समजावून सांगायला नको. जमिनीची लेव्हल नीट काढली की पाणी शंभर वर्षे आपोआप चालते. नाही काढली, तर मंत्र्याने उद्घाटन केले तरी चालत नाही.

बालाघाटकरांसाठी एक गंमत. आपल्या छोट्या लाईनवर आपण सगळे वाढलो, गोंदिया-जबलपूरची ती अडीच फुटी गाडी. भारतातली पहिली छोटी लाईन कुठे पडली? बडोदे राज्यात, डभोई ते मियागाम, १८६२ साली, आणि सुरुवातीला ती गाडी इंजिनाने नव्हे, बैलांनी ओढली. ती खंडेराव महाराजांची. सयाजीरावांनी ते जाळे इतके वाढवले की डभोई हे छोट्या लाईनचे मोठे जंक्शन झाले. रुंदी तीच, अडीच फूट.

बाकी कामांची यादी लांब आहे. १९०१-०२ च्या सुमारास विधवाविवाहाचा, १९०४ मध्ये बालविवाह रोखण्याचा कायदा. न्यायखाते आणि महसूल खाते वेगळे. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, राजा स्वतः गावोगाव हिंडला आणि काय पाहिले त्याच्या नोंदी छापल्या. महाराणी चिमणाबाईंनी पडदा सोडला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे सयाजीराव जेमतेम वाकले आणि पाठ फिरवून चालते झाले, ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. टाळ्यांची गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर जास्त थांबत नाही.

भाषेवर मात्र थांबायचे आहे. राजा मराठी, दरबारातली सरदार मंडळी मराठी, आणि रयत गुजराती. सयाजीरावांनी कारभार गुजरातीत केला. कायदे गुजरातीत, हुकूम गुजरातीत. राज्यकर्त्याने आपली भाषा रयतेवर लादली नाही. आणि म्हणून मराठी सोडली का? मुळीच नाही. बडोद्यात मराठी शाळा चालल्या, मराठी ग्रंथांना आश्रय मिळाला, १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव होते. १९३१ मध्ये त्यांनी ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ नावाचा कोश काढला. कारभाराचा एकेक शब्द आठ भाषांत काय होतो, ते त्यात दिले. आमच्या कचेरीत आम्ही उपयंत्री, आमचे साहेब अनुविभागीय अधिकारी, आणि महाराष्ट्रातल्या भावाशी फोनवर बोलताना तो विचारतो, म्हणजे कोण रे? अशा वेळी त्या कोशाची आठवण होते. १९५६ ला नागपूर-भंडारा तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिले. आपली कचेरीची भाषा हिंदी झाली, घरची मराठी राहिली. त्यात आपण काही गमावले आहे असे समजून रडत बसू नये, असे आम्हाला सयाजीरावांकडे पाहून वाटते. ज्यांच्यात राहतो त्यांची भाषा मनापासून वापरावी, आणि आपली टिकवायची तर तिच्यासाठी पैसा आणि वेळ आपणच काढावा. आपल्या मंडळाचे पुस्तकांचे कपाट वर्षातून किती वेळा उघडते, हे अध्यक्षसाहेब सांगतील. त्यांनी आत्ताच मान खाली घातली!

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला, तो भाग.

सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा १८८२-८३ पासूनच काढल्या. तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांनी ते काम हाती घेतले. याच राजाने मुंबईच्या एका हुशार विद्यार्थ्याला कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले आणि १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन त्याला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. करार असा की शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करायची. विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

१९१७ मध्ये बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला आले. त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर माणूस जावा असा महाराजांचा हुकूम होता, असे चरित्रकार लिहितात. कोणी गेले नाही. शहरात अस्पृश्याला उतरायला जागा नाही, म्हणून त्यांनी पारशी खानावळीत पारशी नाव लिहून मुक्काम केला. महालेखापालाच्या कचेरीत ते काम शिकू लागले. तिथले शिपाई त्यांच्या टेबलावर फाईल ठेवत नसत, लांबून टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारश्यांचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करा म्हणाला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. महाराजांकडे अर्ज गेला, तो दिवाणांकडे गेला, आणि दिवाणांकडून काही होऊ शकले नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास कोलंबियाच्या या पदवीधराने बडोद्याच्या कमाठी बागेत झाडाखाली बसून काढले. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या शिपायाचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्याला पगार सयाजीराव महाराजांचा. त्याच्या डोक्यावर राज्याचा बिल्ला. महाराजांनी सुधारणेचे कायदे केले होते आणि ते राज्यात छापूनही आले होते. त्याची स्वतःची मुले बहुधा सक्तीच्या शाळेत जात असतील. पण फाईल आणि टेबल यांच्यामधल्या त्या हातभर अंतरावर महाराजांचा हुकूम चालला नाही. शाळेसाठी खाते होते, तपासनीस होता, दंडाची वही होती, अहवाल होता, म्हणून शाळा झाली. वाचनालयासाठी गावाची वर्गणी होती. या फाईलसाठी काय होते? लांबून फाईल टाकणाऱ्या एका तरी शिपायाला त्या दिवशी घरी पाठवले असते, एका तरी बड्या बाबूने उठून आपल्या हाताने बाबासाहेबांना पाण्याचा पेला दिला असता, तर? कोणी नाही दिला. आणि महाराज? ते मोठे होते, त्यांनी स्वतः या माणसाला ओळखले होते. पण आयुष्यातली कित्येक वर्षे त्यांनी प्रकृतीसाठी आणि प्रवासासाठी परदेशात काढली आणि कारभार तारांनी चालवला. १९०८ मध्ये धारासभा काढली, तीही सल्ला देण्यापुरती. शेवटचा शब्द राजाचा. आणि राजाचा शब्द शेवटचा असला की मधल्या माणसांना स्वतःचे डोके वापरायची सवय लागत नाही, असे आमचे मत आहे. तुम्हाला पटेलच असे नाही.

आम्ही मंगळवारी जनसुनवाईत बसतो. खुर्चीच्या अलीकडे अर्ज घेऊन उभा असलेला माणूस उकव्याहून, परसवाड्याहून आलेला असतो, कधी बैगा असतो, कधी गोंड. आदेश सगळे त्याच्या बाजूचे आहेत. योजना त्याच्या नावाच्या आहेत. त्याचा अर्ज आम्ही हातात घेतो की टेबलावर ठेव म्हणतो, त्याला बस म्हणतो की नाही, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. या सभेत तहसीलमध्ये, शाळेत, दवाखान्यात, बँकेत काम करणारे किती जण बसले आहेत ते आम्हाला माहीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या समोर दिवसातून दहा वेळा असा कोणी तरी उभा राहतो.

बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० मध्ये ते गुजरातेत गेले. तिथली मराठी कुटुंबे तिथेच राहिली, आपण जसे इथे राहिलो. त्यांच्या घरांत गणपती बसतो, त्यांच्या मराठीत गुजराती मिसळते, आपल्या मराठीत ‘करून राहिलो’ मिसळते. दोन्ही मराठ्या पुण्याच्या माणसाला ऐकवल्या तर तो दोन्हींना हसेल. हसू दे. शहराच्या मध्यावर त्यांच्या राजाचे नाव असलेली बाग आहे, तिलाच जुने लोक कमाठी बाग म्हणत. कोणी बडोद्याला मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे गेलात तर संग्रहालय आणि प्राणीसंग्रहालय पाहायला सगळेच नेतील. थोडा वेळ काढून तिथल्या झाडांखालीही बसून या.

 प्रसाद थंड होतो आहे. गणपती बाप्पा मोरया!